‘टू-डे वर्कशॉप’ आणि ‘टू डेज लीव्ह’: एस कुठे गळतो, कुठे राहतो

शाळेच्या सूचनाफलकांवर, ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘अ टू डेज वर्कशॉप’ सर्रास दिसतं. हे चूक आहे, ‘अ टू-डे वर्कशॉप’ हवं. रजेच्या अर्जातलं ‘टू डेज लीव्ह’ मात्र बरोबर, फक्त ‘डेज’च्या एसनंतर अॅपॉस्ट्रॉफी द्यायला विसरू नका.

आपण ‘दोन दिवसांची कार्यशाळा’ म्हणतो तसंच ‘दोन दिवसांची रजा’ म्हणतो. इंग्रजीत इथे दोन वेगळ्या रचना आहेत.

पहिली जोडशब्दाची. आकडा आणि नाम हायफनने जोडून पुढच्या नामाचं विशेषण केलं, की मधलं नाम एकवचनीच राहतं: टेन-रुपी नोट, सिक्स-फुट वॉल, फाइव्ह-इयर प्लॅन. हे मराठीला मुळीच परकं नाही. ‘तीन मजल्यांची इमारत’ म्हणताना अनेकवचन लागतं, पण ‘तीनमजली इमारत’ म्हटलं की ते उरत नाही. इंग्रजीतलं ‘थ्री-स्टोरी बिल्डिंग’ नेमकं तेच करतं. वर्गात हा नियम शिकवताना ‘तीनमजली’, ‘चारचाकी’ हे शब्द आधी फळ्यावर लिहावेत, असं मला मनापासून वाटतं. नुसतं ‘एस लावू नका’ सांगितलेलं मुलं विसरतात.

दुसरी रचना षष्ठीची. ‘टू डेज लीव्ह’, ‘वन मन्थ्स नोटिस’, ‘थ्री इयर्स एक्सपीरियन्स’. इथे काळाचं नाम स्वतंत्र असतं, त्यामुळे त्याचं वचन आकड्याप्रमाणे बदलतं. शंका आली तर आकडा एक करून पाहा. ‘वन-डे वर्कशॉप’, ‘टू-डे वर्कशॉप’: ‘डे’ जागचा हलत नाही. रजेत मात्र एका दिवसाला अॅपॉस्ट्रॉफी एसच्या आधी येते, दोन दिवसांना एसच्या नंतर. रजा, नोटीस, अनुभव यांसारख्या न मोजता येणाऱ्या नामांना ही रचना शोभते आणि तिथे सुरुवातीला ‘अ’ लागत नाही. ‘अ टू-डे वर्कशॉप’मधला ‘अ’ कार्यशाळेचा आहे, दिवसांचा नाही.

काही ठिकाणी दोन्ही चालतं. ‘अ टेन-मिनिट वॉक’ बरोबर, ‘टेन मिनिट्स वॉक’ही बरोबर, अॅपॉस्ट्रॉफी जागेवर असेल तर.

नामापुढे नाम आलं की पहिलं बहुधा एकवचनीच असतं, आकडा नसला तरी. दुकानात शेकडो जोडे असले तरी ते ‘शू शॉप’च. ‘सेव्हिंग्ज अकाउंट’, ‘स्पोर्ट्स डे’, ‘कस्टम्स ऑफिसर’ हे अपवाद पाठच करावेत.

वयाचं प्रकरण जरा जपून हाताळावं. ‘द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ यात अनेकवचन आहे, हायफन नाही. ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय’ यात हायफन दोन, एस एकही नाही. आणि पाच वर्षांची मुलं म्हणायची असतील, तर एस येतो तो ‘ओल्ड’ला: ‘फाइव्ह-इयर-ओल्ड्स’.