विकाऊ पदव्या आणि बनावट मान्यता: पार्श्वभूमी

अभ्यास न करता पैसे मोजून पदवी मिळवण्याचा व्यवहार इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. फिलाडेल्फियातील एका वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रमुख जॉन ब्यूकॅनन डॉक्टरकीच्या पदव्या विकत असे. एका वृत्तपत्राने ते उघडकीस आणल्यावर १८८० मध्ये त्याला अटक झाली. मात्र आजच्या स्वरूपातील धंद्याचे मूळ अमेरिकेच्या मान्यता-पद्धतीत आहे. तेथे विद्यापीठांना मान्यता सरकार देत नाही, खासगी मूल्यांकन संस्था देतात. दुसऱ्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा वाहू लागताच तो लाटण्यासाठी सुमार संस्था उभ्या राहिल्या, म्हणून १९५२ च्या कायद्याने विश्वासार्ह मूल्यांकन संस्थांची यादी प्रसिद्ध करण्याची जबाबदारी केंद्रीय शिक्षण आयुक्तांवर सोपवली. पदवी विकणाऱ्यांनी यातली फट हेरली आणि विद्यापीठासोबत त्याला मान्यता देणारी संस्थाही स्वतःच काढली. ग्राहकाने चौकशी केली, तरी उत्तर देणारा त्यांचाच माणूस असे.

इंटरनेटने या युक्तीला जगभरची बाजारपेठ दिली. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथून एक दांपत्य ‘सेंट रेजिस युनिव्हर्सिटी’ चालवत होते. त्यांनी लायबेरियाच्या अधिकाऱ्यांना लाच देऊन त्या देशाची मान्यता मिळवली, म्हणजे आता खोट्या विद्यापीठामागे खऱ्या सरकारचा शिक्का उभा राहिला. एका सरकारी गुप्तहेराने सीरियाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याचे सोंग घेऊन तेथून रसायनशास्त्राची पदवी सहज विकत घेतली, आणि या प्रकरणाचे गांभीर्य तेव्हा लक्षात आले. २००५ मध्ये छापे पडले, २००८ मध्ये शिक्षा झाल्या. तोवर नऊ हजारांहून अधिक लोकांनी पदव्या घेतल्या होत्या. दरम्यान २००४ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाला केवळ तीन संस्थांच्या नोंदींतून ४६३ केंद्रीय कर्मचारी सापडले. अणुसुरक्षा खात्यातील तीन व्यवस्थापकांकडेही अशाच अमान्य संस्थांच्या पदव्या होत्या.

मे २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कराचीतील ‘अ‍ॅक्झॅक्ट’ या सॉफ्टवेअर कंपनीचा कारभार उजेडात आणला. शेकडो काल्पनिक शाळा आणि विद्यापीठांची संकेतस्थळे, त्यांना मान्यता देणाऱ्या तितक्याच काल्पनिक संस्था आणि फोनवर बोलणारे विक्रेते, असा हा पसारा होता. येथील सर्वांत क्रूर भाग विक्रीनंतर सुरू होत असे: विक्रेते अमेरिकी अधिकारी असल्याचे भासवून ग्राहकांना फोन करीत आणि कागदपत्रे ‘कायदेशीर’ करून घेण्यासाठी आणखी हजारो डॉलर उकळत. फसवण्याच्या हेतूने पदवी घेणारे पुष्कळ असतील, पण खरोखर शिकायला निघालेले आणि आयुष्यभराची पुंजी गमावून बसलेले लोकही या ग्राहकांत होते, हे विसरून या विषयावर बोलणे अन्यायाचे ठरेल. कंपनीने आरोप फेटाळले. तिच्या प्रमुखाला मात्र त्याच महिन्यात अटक झाली.

भारतात पदवी देण्याचा अधिकार कायद्यानेच बांधलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमातील कलम २२ नुसार कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत संस्था किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो आणि त्यात नागपूरच्या ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’चे नाव वर्षानुवर्षे दिसत आले आहे. नाव जाहीर होऊनही संस्था टिकून राहतात, याचे एक कारण याच अधिनियमाच्या कलम २४ मध्ये आहे: १९५६ मध्ये तेथे नियमभंगासाठी ठरवलेली शिक्षा एक हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची आहे.