‘फॅरनहाइट ४५१’ वर्गात उघडण्याआधी

रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’ शिकवायला घेतली की मुलं पहिल्याच तासाला सारांश सांगून मोकळी होतात: सरकार पुस्तकं जाळतं, नायक बंड करतो. कथानक म्हणून यात चूक काही नाही. भविष्यातल्या अमेरिकेत बंबवाल्यांचं काम आग विझवण्याचं राहिलेलं नाही, पुस्तकं सापडतील ते घर पेटवून देण्याचं आहे. त्यांच्यातलाच एक, गाय मॉन्टॅग, जाळायची पुस्तकं घरी आणून लपवतो आणि वाचायला लागतो. पण ही कादंबरी कुठून आली हे शोधत मागे गेलं तर सरकारच्या जोडीला आणखी कोणीतरी पुन्हा पुन्हा भेटतं, आणि ते म्हणजे विद्यार्थी. म्हणून ही पार्श्वभूमी मुलांना आधी सांगावी असं मला फार वाटतं.

१० मे १९३३ च्या रात्री बर्लिनमध्ये ऑपेरासमोरच्या चौकात पुस्तकांची होळी झाली. हिटलर सत्तेवर येऊन जेमतेम सव्वातीन महिने झाले होते. नाझी प्रचारमंत्री गोबेल्स तिथे भाषण ठोकून गेला, त्यामुळे इतिहासात नाव त्याचं राहिलं. पण मोहीम आखली होती ती जर्मन विद्यार्थी संघटनेने. एप्रिलमध्येच तिने बारा कलमांचं पत्रक विद्यापीठांतून लावलं होतं. मग ग्रंथालयं आणि दुकानं धुंडाळून ‘जर्मन वृत्तीला न शोभणारी’ पुस्तकं गोळा झाली. एकट्या बर्लिनमध्ये वीस हजारांच्या वर पुस्तकं जळली. त्या रात्री पाऊस होता, ढीग पेट घेईना, तेव्हा अग्निशामक दलाने पेट्रोलचे डबे आणून हातभार लावला. मुलांचे लाडके लेखक एरिश केस्टनर गर्दीत उभे होते. स्वतःचं नाव पुकारलं जाताना आणि स्वतःची पुस्तकं आगीत पडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. ब्रॅडबरी तेव्हा बारा वर्षांचे होते. पुढे पोरवयातच या होळीची हकीकत त्यांच्या कानावर आली, आणि ग्रंथालयात वाढलेल्या त्या मुलाच्या मनातून ती कधी गेली नाही.

‘ग्रंथालयात वाढलेला’ हे मी अक्षरशः म्हणतोय. १९३८ मध्ये लॉस एंजेलिसला शाळा संपली, कॉलेजला पैसे नव्हते. सुरुवातीला रस्त्याच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्रं विकली, आणि आठवड्यातून तीन दिवस सार्वजनिक ग्रंथालयात बसायचं, हे मात्र त्यांनी दहा वर्षं केलं. आपलं शिक्षण तिथेच झालं, असं ते जन्मभर सांगत राहिले.

इकडे अमेरिकेतही होळ्या पेटत होत्या. १९४८ च्या ऑक्टोबरात वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर गावी शाळकरी मुलांनी घरोघर फिरून दोन हजारांवर कॉमिक्स जमवली आणि शाळेच्या आवारात पेटवली. मोठी माणसं पाठीशी होती. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, अशी हवा तेव्हा देशभर होती. हुकूम कुठूनही सुटलेला नव्हता. चांगलं काम करतोय, याच भावनेने मुलांनी काडी ओढली.

मग मॅकार्थीचं पर्व आलं. १९४७ पासून संसदेची समिती हॉलिवूडमधल्या लेखक-दिग्दर्शकांना बोलावून ‘तुम्ही कम्युनिस्ट आहात का’ विचारत होती. फेब्रुवारी १९५० मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट घुसल्याचा आरोप करून रान उठवलं. १९५३ च्या वसंतात त्यांचे दोन सहायक युरोपातल्या अमेरिकी ग्रंथालयांची झडती घेत फिरले, पुस्तकं कपाटांतून उतरवली गेली, काही जाळलीही गेली. त्याच वर्षी १४ जूनला डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात अध्यक्ष आयझेनहॉवर समोर बसलेल्या मुलांना म्हणाले की पुस्तकं जाळणाऱ्यांच्या टोळीत जाऊ नका, आपल्या ग्रंथालयात जा, हवं ते पुस्तक न भिता वाचा. चारच महिन्यांनी, ऑक्टोबर १९५३ मध्ये, ब्रॅडबरींची कादंबरी बाजारात आली.

ती लिहिली कशी, हे मुलांना जरा सावकाश सांगावं. घरात लहान मूल, लिहायला बसायचं तर गॅरेजमध्ये, आणि मूल खेळायला बोलवायला येणार. वेगळी खोली भाड्याने घेणं परवडणारं नव्हतं. एक दिवस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस आवारात, पॉवेल ग्रंथालयाच्या तळघरातून त्यांना टाइपरायटरचा खडखडाट ऐकू आला. खाली यंत्रांची रांग होती. फटीत दहा सेंटचं नाणं टाकलं की अर्धा तास यंत्र चालायचं, वेळ संपली की बंद. शेजारी विद्यार्थी आपापले निबंध बडवत बसलेले. ब्रॅडबरी नाण्यांची पिशवी घेऊन गेले आणि नऊ दिवसांत कथा पुरी केली. खर्च आला नऊ डॉलर ऐंशी सेंट, म्हणजे ९८ नाणी, ४९ तास. थांबले की जिने चढून वर जायचे, कपाटातलं एखादं पुस्तक उघडायचं आणि सापडलेली ओळ घेऊन धावत खाली यायचं. पुस्तकं जाळण्याची गोष्ट पुस्तकांच्या पोटात बसून लिहिली गेली.

‘द फायरमन’ या नावाने ती ‘गॅलक्सी’ मासिकाच्या फेब्रुवारी १९५१ च्या अंकात आली. शब्द पंचवीस हजारांच्या आसपास. पुढे बॅलन्टाइन प्रकाशनासाठी ती जवळपास दुप्पट वाढवली. नाव मात्र बदललं. कागद किती तापमानाला पेटतो, हे त्यांनी अग्निशामक दलाला फोन करून विचारलं आणि उत्तर मिळालं ४५१ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २३३ सेल्सिअस. हा आकडा दगडावरची रेघ नाही, कागदाची जात आणि तो किती वेळ तापतो यावर बदलतो. परीक्षेत विज्ञानाचा नियम म्हणून लिहू नये.

तंत्रज्ञानाची बाजूही त्याच वर्षांतली आहे. १९५० मध्ये अमेरिकेत शंभरातल्या नऊ घरांत टीव्ही होता, १९५५ पर्यंत जवळपास दोन तृतीयांश घरांत गेला. मॉन्टॅगच्या दिवाणखान्यात तीन भिंती म्हणजे तीन पडदे आहेत, आणि त्याची बायको मिल्ड्रेड चौथीसाठी हट्ट धरते. पडद्यावरच्या पात्रांना ती ‘कुटुंब’ म्हणते. रात्री तिच्या कानात शिंपल्याएवढा रेडिओ गुणगुणत असतो. हे सगळं यायला चार-पाच दशकं लागतील, असं ब्रॅडबरींना वाटलं होतं. पण कादंबरी लिहून झाल्यावर एका रात्री बेव्हर्ली हिल्समध्ये कुत्र्याला फिरवणारं एक जोडपं त्यांना दिसलं. बाईच्या हातात छोटा रेडिओ, त्यातून निघालेली तार कानात. नवरा शेजारी चालतोय, हाताला धरून तिला फुटपाथवर चढवतोय, आणि ती तिथे नाहीच. ते पाहून त्यांना धक्का बसला.

आता कॅप्टन बीटीकडे यावं. मॉन्टॅगचा हा वरिष्ठ दुसऱ्याच्या तोंडची अवतरणं पाठ म्हणणारा, भरपूर वाचलेला माणूस आहे. तो सांगतो की बंदी आधी वरून आली नाही, लोकांनीच वाचणं सोडलं. अभिजात ग्रंथ पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमात बसवले, मग दोन मिनिटांच्या सदरात, शेवटी कोशातल्या दहा-बारा ओळींत. प्रत्येक गटाला काहीतरी खुपत होतं, प्रत्येकासाठी थोडं थोडं कापलं गेलं. बंबवाले आले ते सगळ्यांत शेवटी. गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंचावर कादंबरीचा पेपर देणाऱ्या आपल्या मुलांना हा उतारा वर्गात मोठ्याने वाचून दाखवावा. स्पष्टीकरण लागत नाही.

आणि बीटी म्हणतो तेच या पुस्तकाच्या वाट्याला आलं. १९६७ मध्ये बॅलन्टाइनने शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली. लेखकाला विचारलं नाही, आणि कापल्याचं आत कुठे छापलं नाही. पंचाहत्तर ठिकाणी हात फिरला. शिव्या गेल्या, गर्भपाताचा उल्लेख गेला. दारू प्यालेला माणूस आजारी माणूस झाला. बेंबीतला मळ काढण्याचा उल्लेख होता, तिथे कान साफ करणं आलं. काही वर्षं दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी विकल्या जात होत्या. १९७३ पासून मोठ्यांसाठीचीही छपाई याच कापलेल्या मजकुरावरून सुरू झाली आणि सहा वर्षं दुसरी निघालीच नाही.

ब्रॅडबरींना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना कळलं ते १९७९ मध्ये, विद्यार्थ्यांच्या पत्रांतून. सेन्सॉरशिपवरचं पुस्तक वाचणाऱ्या मुलांनी तेच पुस्तक कापलं गेल्याचं लेखकाला लिहून कळवलं. जुडी-लिन डेल रे या नव्या संपादिकेने सबंध मजकूर पुन्हा जुळवून घेतला, आणि ब्रॅडबरींनी शेवटी एक टिपण जोडलं. जगात पुस्तकं जाळायच्या एकाहून जास्त तऱ्हा आहेत, आणि पेटवलेल्या काड्या घेऊन माणसं सगळीकडे फिरतायत, असं त्यात म्हटलं आहे. कादंबरी संपल्यावर लगेच, त्याच तासाला, ते टिपण वाचावं.

शिकवण्यासाठी जुनी प्रत गोळा करत असाल तर एक काळजी घ्या. बॅलन्टाइनची १९७३ ते १९७९ मधली छपाई हाती आली तर आत बेंबी आहे की कान, ते मुलांनाच शोधायला लावा.