फ्यूजला न कळणारी आग

ठाण्याचं वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, अगदी सुरुवातीच्या दिवसांतली वसाहत. महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ची. तिथल्या जुन्या गाळ्यांमध्ये पूर्वी लेथ, ड्रिल, शेपर चालायचे. आता त्याच भिंतींआड सीएनसी मशीन, कॉम्प्युटर, एसी आणि एलईडी दिवे आलेत. वायरिंग मात्र बऱ्याच ठिकाणी तेच आहे: सागवानी पट्टीवर ठोकलेलं, नाहीतर गंजलेल्या लोखंडी पाइपातलं. विषय काढला की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘अहो, फ्यूज आहे की! काही झालं तर उडेल.’ हा भरवसा अर्धवट आहे, आणि जुन्या इमारतीत तोच जिवावर बेततो.

फ्यूज असो वा एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच), आपल्यातून किती प्रवाह जातोय एवढंच त्याला कळतं. शॉर्टसर्किट झालं, लोड फार वाढला, तर तो आपलं काम करतो. पण जोड सैल झाला तर प्रवाह वाढत नाही. समजा, एक मोटर १० अँपिअर घेतेय आणि बोर्डातल्या एका स्क्रूखाली अर्धा ओहम रोध तयार झालाय. प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत उष्णता निर्माण होते, हे जेम्स जूल यांनी १८४१ साली प्रसिद्ध केलं. त्या हिशेबाने १० गुणिले १० गुणिले अर्धा, म्हणजे ५० वॅट. सोल्डरिंग आयर्न साधारण २५ ते ३५ वॅटचं असतं. त्याहून जास्त उष्णता नखाएवढ्या जागेत, दिवसभर. मोटरला २३०ऐवजी २२५ व्होल्ट मिळतात, ती बिनतक्रार फिरते. १५ अँपिअरच्या फ्यूजला वाटतं, सगळं आलबेल आहे.

असा बोर्ड उघडला की आधी जळक्या मासळीसारखा वास येतो. स्क्रूजवळचं प्लॅस्टिक तपकिरी पडून कुरकुरीत झालेलं असतं, तांबं काळवंडलेलं असतं आणि हायलमच्या (कडक लॅमिनेटच्या) पाटीवर स्क्रूभोवती करपलेलं कडं दिसतं. हातभर अंतरावर तीच वायर अगदी ठणठणीत.

जोड सैल का होतो? तांबं आयात करावं लागे, त्या काळात ॲल्युमिनिअमच्या वायरी सर्रास वापरल्या गेल्या. तापल्यावर ॲल्युमिनिअम तांब्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त प्रसरण पावतं. स्क्रूखाली फुगायला जागा नसते, म्हणून ते दबून चपटं होतं. रात्री काम थांबलं की थंड होऊन आकसतं आणि बारीकशी फट राहते. हवा लागलेल्या ॲल्युमिनिअमवर लगेच ऑक्साइडचा थर चढतो, आणि तो विद्युतरोधक असतो. रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की फट वाढते. वर्षानुवर्षं रोज हेच.

वायरवरचं आवरणही म्हातारं होतं. जुन्या वायरींचं रबर हवेतल्या ऑक्सिजनमुळे कडक होऊन तडकतं. साधं पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या वापरासाठी असतं. त्यापुढे दर दहा अंशांना आवरणाचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं.

न्यूट्रलकडे, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेकडे, तर कुणी बघतच नाही. थ्री-फेजच्या मोटरांचा लोड सारखा विभागलेला असला की तिन्ही फेजचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करतात, न्यूट्रल जवळजवळ रिकामा राहतो. म्हणून तर साडेतीन कोअरची केबल निघाली, तिच्यात न्यूट्रल निम्म्या जाडीचा. कॉम्प्युटर आणि एलईडीचे ड्रायव्हर (त्यांना वीज पुरवणारी सर्किटं) मात्र ५० हर्ट्झबरोबर १५० हर्ट्झचाही प्रवाह खेचतात. हे तिसऱ्या हार्मोनिकचे, म्हणजे मूळच्या तिप्पट वारंवारतेचे, प्रवाह न्यूट्रलमध्ये रद्द न होता बेरजेने येतात. प्रत्येक फेजवर असा ६ अँपिअर असेल तर न्यूट्रलमध्ये १८. गाळ्याचं ऑफिस झालं, फेजवरचा लोड कमी भरला, तरी न्यूट्रल तापतो. तो तुटला तर आणखी वाईट: वेगवेगळ्या फेजवरचे दोन गाळे एकमेकांच्या मालिकेत सुमारे ४०० व्होल्टवर येतात आणि ज्याचा लोड हलका, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. दिवे अचानक प्रखर झाले, पंखे जोरात फिरू लागले, तर त्याच क्षणी मेन स्विच पाडा.

फ्यूज काढून एमसीबी बसवला आणि वायरिंग नवं झालं असं धरून चाललं, ही गोष्ट मला सर्वात जास्त धोक्याची वाटते. सैल जोड एमसीबीलाही कळत नाही. शॉकपासून माणूस वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) आणि शाबूत अर्थिंग हवंच. गंजून तुटलेला लोखंडी पाइप म्हणजे अर्थिंग नव्हे.

तपासणी परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या, पण काय तपासायचं ते आपल्यालाही माहीत हवं. सगळी मशीन तासभर चालू ठेवून इन्फ्रारेड थर्मामीटरने जोड बघायला सांगा. चकचकीत धातूवर हे यंत्र तापमान कमी दाखवतं, म्हणून नेम जोडालगतच्या प्लॅस्टिकवर धरायचा. सारख्या लोडच्या तीन जोडांपैकी एकच जास्त गरम निघाला, तर दोष तिथेच. टाँग टेस्टर (वायरभोवती पकडून प्रवाह मोजणारं यंत्र) न्यूट्रललाही लावायला सांगा. सप्लाय बंद करून, कॉम्प्युटर वगैरे सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने आवरणाचा रोध मोजायचा. एक मेगाओहमच्या खाली आला तर ते सर्किट बदलायचं. आणि ॲल्युमिनिअमची केबल तांब्याच्या बसबारला (बोर्डातल्या जाड पट्टीला) जोडताना बायमेटल लगच (दोन धातूंचं जोडटोक) वापरायला लावा, वायर पिळून स्क्रूखाली दाबू देऊ नका.