फ्यूज आणि कॉन्टॅक्टर: दोन्ही सर्किट तोडतात, मग दोन्ही कशाला?

छोट्या इलेक्ट्रिक कारचं वायरिंग करणाऱ्या टीममध्ये हा प्रश्न हमखास निघतो. कॉन्टॅक्टर आहे ना, ई-स्टॉप (आणीबाणीचं बंद करायचं बटण) दाबला की बॅटरी तुटतेच, मग वर फ्यूज कशाला? प्लीज, दोन्ही लावा.

कॉन्टॅक्टर म्हणजे मोठा रिले, म्हणजे विजेवर चालू-बंद होणारा स्विच. कॉइलला 12 व्होल्ट मिळाले की आतले कॉन्टॅक्ट जुळतात, सप्लाय गेला की स्प्रिंग ते सोडवते, म्हणून चावी, ई-स्टॉप आणि बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) सगळे त्या कॉइलच्या लाइनमध्येच सिरीजमध्ये घालायचे. पण तो सांगकाम्या आहे, मेन वायरमधून किती करंट जातोय हे त्याला स्वतःहून कळत नाही.

फ्यूजला कोणी सांगावं लागत नाही, करंट फार वाढला की त्याच्या आतली पट्टी आपोआप वितळून सर्किट तुटतं. समजा 51.2 व्होल्टचा बॅटरी पॅक आहे आणि पॅक, केबल, जोड मिळून रेझिस्टन्स 20 मिलीओहम, तर शॉर्ट झाल्यावर करंट जातो 2560 अँपिअर! तुमचा हात ई-स्टॉपपर्यंत पोचेपर्यंत इन्सुलेशन जळायला लागलेलं असतं, आणि एवढा करंट तोडायची ताकद कॉन्टॅक्टरमध्ये असेलच असं नाही.

उलट थ्रॉटल अडकला आणि मोटर 100 अँपिअर खेचत सुटली तर 200 अँपिअरचा फ्यूज ढिम्म हलणार नाही, तिथे कॉन्टॅक्टरच लागतो.

फ्यूज वायरच्या क्षमतेपेक्षा कमी घ्यायचा आणि बॅटरीला जमेल तितका चिकटून लावायचा, कारण त्याच्या आधीच्या वायरला काहीच संरक्षण नसतं. आणि त्याच्यावरचं डीसी व्होल्टेज वाचाच. 50 हर्ट्झचा एसी सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून आर्क (सर्किट तुटताना फटीत पेटणारी ठिणगी) विझायला मदत होते, डीसीत तसं काही नाही, ठिणगी पेटली की ओढतच राहते. साध्या ब्लेड फ्यूजवर बहुतेक वेळा 32 व्होल्टच लिहिलेलं असतं, तो या पॅकला चालणार नाही.

कॉन्टॅक्टरचा खरा शत्रू म्हणजे कंट्रोलरमधले (मोटर चालवणाऱ्या सर्किटमधले) रिकामे कपॅसिटर. प्री-चार्ज रेझिस्टर (कपॅसिटर आधी हळूहळू भरणारा) न लावता थेट जोडलं की क्षणभर प्रचंड करंट धावतो आणि कॉन्टॅक्ट एकमेकांना वेल्ड होऊ शकतात, मग ई-स्टॉप दाबला, कॉइल बंद झाली, तरी गाडी चालूच! म्हणून अधूनमधून बॅटरीची वायर काढून, कपॅसिटर रिकामे झालेत ना हे आधी व्होल्टेज मोजून बघून, कॉइल बंद ठेवून कॉन्टॅक्टरच्या दोन मोठ्या टर्मिनलवर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की बीप देणाऱ्या सेटिंगवर) लावा. बीप वाजला तर तो कॉन्टॅक्टर बदला.