शेरॉन म्हणजे गुलाब नव्हे

सोलापुरात एखाद्या ख्रिस्ती घरी मुलीचं नाव ठरलं, की व्हॉट्सअ‍ॅपवर जुनाच मेसेज फिरतो : 'शेरॉन म्हणजे गुलाब, बायबलमधल्या राणीचं नाव.' दोन्ही चूक. राणी सोडा, या नावाची साधी बाईसुद्धा बायबलमध्ये नाही.

शेरॉन, म्हणजे मराठी बायबलमधलं शारोन, हे इस्रायलमधलं मैदान आहे, भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याने कर्मेल डोंगराच्या दक्षिणेला पसरलेलं. हिब्रू शब्दाचा अर्थही सपाट जमीन असाच लावतात. तिथं दावीद राजाची गुरं चरत, असं बायबलमधल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकात (27:29) चक्क नोंदवलंय.

मग गुलाब आला कुठून? बायबलमधल्याच 'गीतरत्न' या प्रेमगीतांच्या पुस्तकात (2:1) नायिका स्वतःला शारोनाचं फूल म्हणते. मूळ हिब्रू शब्द 'हबत्सेलेत'. ते कंदातून उगवणारं रानफूल असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण 1611 च्या इंग्रजी बायबलात 'रोज' छापलं गेलं आणि तेच रूढ झालं. म्हणजे फूल वेगळं, मैदान वेगळं, आणि मुलीला मिळालं ते मैदानाचं नाव!

'मैदान' ऐकून काही आज्यांचा चेहरा पडतो खरा. पण मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी खाणाऱ्यांनी तरी सपाट जमिनीला नाक मुरडू नये.