यकृताला वळसा घालून जाणारी शीर: कुत्र्यांमधला शंट आणि तो बंद करण्याचा वाद

कुत्र्यांमधल्या पोर्टोसिस्टेमिक शंटचा, म्हणजे आतड्याकडचं रक्त यकृताला टाळून थेट बाकीच्या रक्ताभिसरणात नेणाऱ्या शिरेचा, इतिहास उलट्या टोकाने सुरू होतो. माणसाने आधी तो मुद्दाम तयार केला. जन्मजात असलेला शोधून बंद करायला त्यानंतर जवळपास शंभर वर्षं गेली. 1877 साली सेंट पीटर्सबर्गच्या एका लष्करी शल्यविशारदाने कुत्र्यांची पोर्टल शीर (आतड्याकडचं रक्त यकृताला नेणारी) थेट अधोमहाशिरेला (शरीराच्या मागच्या भागाचं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेला) जोडली. 1893 मध्ये त्याच शहरातल्या एका प्रयोगशाळेने ही शस्त्रक्रिया केलेल्या कुत्र्यांना मांस खायला घातलं, तेव्हा तोल जाणं, दिसेनासं होणं, झटके येणं ही लक्षणं उमटली. आज यॉर्कशायर टेरियरचं पिल्लू जेवणानंतर भिंतीला डोकं टेकून उभं राहतं, ते याच कारणाने: प्रथिनं पचताना तयार होणारा अमोनिया यकृतात साफ न होता मेंदूपर्यंत पोचतो. मधल्या काळात तुरळक नोंदींपलीकडे फारसं काही नाही. दवाखान्यात हा आजार ओळखू येऊ लागला तो 1970 च्या दशकात.

शस्त्रक्रियाही त्याच दशकातली. पोट उघडायचं, चुकीची शीर शोधायची, सिल्कच्या दोऱ्याने आवळायची. शीर सापडणं तुलनेने सोपं. किती आवळायची हा खरा पेच. यकृतातल्या पोर्टल शाखा जन्मापासून उपाशी असल्यामुळे बारीक राहिलेल्या असतात. सगळं रक्त एकदम तिकडे वळवलं तर ते मागे तुंबतं. म्हणून आतड्याच्या एका शिरेत नळी घालून पाण्याच्या मॅनोमीटरवर दाब मोजायची पद्धत आली. निरोगी कुत्र्यात हा दाब साधारण 8 ते 13 सेंटिमीटर असतो. गाठ मारल्यावर तो 17 ते 24 च्या वर जाऊ नये, मूळ आकड्यापेक्षा 9-10 हून जास्त वाढू नये आणि मध्यवर्ती शिरेतला दाब 1 सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरू नये, असे संकेत रूढ झाले. आकडे नेमके दिसत असले तरी भूल किती खोल आहे आणि सलाईन किती गेलं आहे, त्यावर ते हलतात. त्यामुळे जाणते शल्यविशारद मॅनोमीटरइतकेच स्वादुपिंडाकडे आणि आतड्याकडे बघत. स्वादुपिंड निळसर झालं, आतडं काळवंडून वळवळू लागलं, की गाठ सैल करायची. हे चुकलं तर त्याच रात्री पोट फुगतं, रक्ताचे जुलाब होतात, कुत्रं शॉकमध्ये जातं. तेव्हा पुन्हा पोट उघडून दोरा कापण्यावाचून गत्यंतर नसतं.

पहिल्याच बैठकीत पूर्ण बंद करणं निम्म्याहून कमी कुत्र्यांना झेपायचं. उरलेल्यांत अर्धवट गाठ मारून काही महिन्यांनी चिकटलेल्या ऊतींतून दुसरी शस्त्रक्रिया करावी लागे. पुढची सगळी भांडणं इथूनच निघाली.

निदानाची वाट मात्र सरळ गेली. 1980 च्या दशकात उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी घेतलेल्या बाईल ॲसिडच्या (पित्तातल्या आम्लांच्या) जोडचाचणीने अमोनियाची चाचणी मागे टाकली. कारण अगदी व्यवहारी होतं: अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून लगेच सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवावा लागतो, बाईल ॲसिडला ती घाई नाही. माल्टीज जातीत धडधाकट कुत्र्यांचेही आकडे चढे येतात, हे लक्षात यायला आणखी काही वर्षं जावी लागली. पोट उघडून शिरेत कॉन्ट्रास्ट (क्ष-किरणात उठून दिसणारं द्रव्य) सोडायचा आणि शंटचं सर्वांत मागचं टोक तेराव्या वक्षीय मणक्याच्या पुढे की मागे हे बघून तो यकृताच्या आतला की बाहेरचा ठरवायचा, हा ठोकताळा बराच काळ चालला. मग गुदद्वारातून टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य देऊन केलेलं स्कॅन आलं, अल्ट्रासाउंड आलं (पोर्टल शीर आणि महाधमनी यांच्या जाडीचं गुणोत्तर 0.65 किंवा कमी असेल तर यकृताबाहेरच्या शंटचा दाट संशय). आता सीटी अँजिओग्राफीने बाकीच्यांना बाजूला सारलं आहे. शंट कुठे निघतो आणि अधोमहाशिरेत, डायफ्रामच्या शिरेत की ॲझायगस या छातीतल्या शिरेत मिळतो, हे टेबलावर जाण्याआधीच कळतं. बंद करायचं ते मिळण्याच्या जागी. त्या जागेच्या अलीकडच्या भागात केलं तर पुढे येऊन मिळणाऱ्या एखाद्या छोट्या शिरेचं रक्त यकृताला टाळून जातच राहतं.

आता मूळ वाद. शीर एकदम बंद करणं झेपत नसेल तर ती आपोआप, सावकाश बंद व्हावी, या विचारातून 1990 च्या दशकात दोन वस्तू वापरात आल्या.

पहिली अमेरॉइड रिंग. 1950 च्या दशकात कुत्र्यांची हृदयधमनी हळूहळू बंद करण्याच्या प्रयोगांतून ती उचलली गेली, शंटसाठी 1996 पासून रुळली. बाहेर स्टीलचं कडं, आत दाबून घट्ट केलेलं केसिन, म्हणजे दुधातलंच प्रथिन. कड्याच्या फटीतून शीर आत सरकवायची आणि केसिनची बारीक चावी बसवून फट बुजवायची. केसिन ओल शोषून फुगतं; पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने, नंतर मंद. पण फुगल्याने आतलं भोक पुरतं मिटत नाही. उरलेलं काम शिरेभोवती साचणारी तंतुमय ऊत करते, कधी आत धरलेली रक्ताची गुठळी करते. रिंग जड असते. शिरेभोवती गरजेपेक्षा जास्त मोकळं केलं तर ती सरकते, शीर मुडपते आणि सावकाश होणारं काम दोन दिवसांत होऊन बसतं. मग पोटात पाणी होतं, तुंबलेलं रक्त नव्या बारीक वाटा काढतं, आणि त्या वाटांवर शस्त्रक्रियेचा इलाज नाही.

दुसरी वस्तू सेलोफेनची पट्टी. सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी लांबीत तीन पदरी दुमडायची, शिरेभोवती गुंडाळायची, उलटसुलट बसवलेल्या टायटॅनियमच्या क्लिपांनी पक्की करायची. सुरुवातीला आतला व्यास 3 मिलिमीटरपर्यंत आवळत. पुढे न आवळताही शीर मिटते असं दिसलं. म्हणजे इथे पट्टी स्वतः काहीच करत नाही. परकी वस्तू म्हणून शरीर तिच्याभोवती जी सूज आणि तंतू उभे करतं, त्यांवरच सगळी मदार. साहजिकच पट्टी कशाची आहे याला महत्त्व येतं, आणि नेमकं तेच बरीच वर्षं कोणी तपासलं नाही. 2010 नंतर शल्यविशारदांकडच्या पट्ट्या अवरक्त वर्णपटाखाली ठेवल्या तेव्हा सेलोफेन म्हणून वापरलेल्या कित्येक पट्ट्यांत सेल्युलोज नव्हतंच; पॉलिप्रॉपिलीनसारखं प्लास्टिक होतं. फुलांच्या गुच्छावरचा चकचकीत कागद आणि खरं सेलोफेन डोळ्यांना सारखेच दिसतात. जाळून बघितलं तर फरक कळतो: सेल्युलोज कागदासारखं जळतं, पॉलिप्रॉपिलीन वितळून गळतं. एवढी साधी गोष्ट ध्यानात न घेता पट्टी की रिंग याची तुलना होत राहिली, त्यामुळे जुन्या निकालांवर फार भार टाकू नये. हल्ली सावध लोक 'थिन फिल्म' असंच लिहितात.

म्हणून सिल्कचा दोरा बाद झालेला नाही. निष्णात हातात त्याचे निकाल आजही तोडीस तोड असतात.

कोणत्याही पद्धतीने टळलं नाही ते शस्त्रक्रियेनंतरच्या तीन-चार दिवसांतलं झटक्यांचं संकट. अमोनिया उतरलेला असतानाही ते येतात, वयाने मोठ्या कुत्र्यांत जास्त. एक दिवस आधीपासून लेव्हेटिरॅसिटॅम हे झटक्यांवरचं औषध (दर आठ तासांनी किलोमागे 20 मिलिग्रॅम) दिलं तर टळतात, असं 2011 मध्ये मांडलं गेलं. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत तो फायदा दिसला नाही. तरी पुष्कळ ठिकाणी ते दिलं जातंच. शस्त्रक्रियेआधी लॅक्टुलोज हे अमोनिया घटवणारं रेचक, दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील इतकं, आणि मांसाऐवजी दुधाचं किंवा वनस्पतीचं प्रथिन, यावर मात्र दुमत नाही. नुसत्या औषधांवर ठेवलेल्या कुत्र्यांपेक्षा शस्त्रक्रिया झालेले जास्त जगतात, आणि निदानाच्या वेळचं वय त्यात आड येत नाही, हे 2010 च्या सुमारास दिसल्यावर 'आता उशीर झाला' हे वाक्य निकामी झालं.

यकृताच्या आतले शंट, जे आयरिश वुल्फहाउंडसारख्या थोराड जातींत आढळतात, ते आता बहुधा मानेच्या शिरेतून जाऊन बंद करतात: अधोमहाशिरेत शंटच्या तोंडावर स्टेंट (जाळीदार नळी), आणि त्याच्या जाळीतून आत सोडलेल्या, गुठळी धरवणाऱ्या कॉइल (तारेची वेटोळी). कॉइल एका वेळी किती सोडायच्या, हे इथेही दाब मोजूनच ठरतं.