डिपस्टिकवर ऑइल वाढलंय? आधी वास घ्या

आमचं कॉम्प्लेक्स ठाण्यात घोडबंदर रोडला, मधे मोठं लॉन, म्हणून गवत कापायला ते बसून चालवायचं मशीन घेतलंय. जुलैत पाऊस असा लागला की तीन आठवडे मशीन शेडमधून हललंच नाही. उघडीप मिळाली तेव्हा माळीकाकांनी डिपस्टिक, म्हणजे इंजिनमधलं ऑइल मोजायची काडी, काढली आणि मला हाक मारली, "दादा, ऑइल घातलं नाही तरी वाढलंय बघा." बघतो तर ऑइल मार्कच्या बोटभर वर, पाण्यासारखं पातळ, काडीवरून टपटप गळतंय आणि वास थेट पेट्रोल पंपावरचा.

ऑइल कमी झालं की सगळे धावपळ करतात, वाढलं तर कोणी बघतही नाही. पण न घालता वाढलेल्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर त्यात पेट्रोल उतरलंय, आणि पेट्रोल मिसळलं की ऑइलचा जो चिकट थर क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि बेअरिंगच्या मधे राहून लोखंडाला लोखंड घासू देत नाही तोच राहत नाही. वर पेट्रोलची वाफ उणे ४० अंशाच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे ठाण्याच्या हवेत तर ती कायम तयारच, आणि ती इंजिनच्या पोटात कोंडलेली. म्हणून असं मशीन "एकदा चालू करून बघू" म्हणून सुद्धा चालू करू नका, प्लीज.

आता पेट्रोल तिथे जातं कसं? बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक आठवा. पाणी वर आलं की बॉल उचलला जातो आणि नळ बंद होतो, कार्बोरेटरमधे (इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) तेच काम फ्लोट म्हणजे तरंगणारा गोळा आणि निडल म्हणजे सुई करतात. निडलच्या टोकात कचरा अडकला किंवा टोक झिजलं की नळ पूर्ण बंद होत नाही, मेकॅनिक म्हणतात "कार्बोरेटर ओव्हर होतोय". इंजिन चालू असताना ते पेट्रोल जळून जातं म्हणून कळत नाही, पण बंद मशीनमधे टाकी वर आणि कार्बोरेटर खाली असेल तर थेंब थेंब पेट्रोल उतरत राहतं, इनटेक वॉल्व (इंजिनमधे पेट्रोल-हवा आत घेणारी झडप) उघडा राहिला असेल तर सिलिंडरमधे, आणि पिस्टनच्या रिंगांना बारीक काप असतोच, तिथून खाली ऑइलमधे. सिलिंडरच भरला तर स्टार्टर खट करून अडकतो, कारण पातळ पदार्थ दाबला जात नाही, आणि जोर लावला तर पिस्टन आणि क्रँकला जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

आम्ही निडल काढून मोबाईलच्या टॉर्चमधे बघितली. तांदळाच्या दाण्याएवढं टोक, त्यावर गोल खाच पडलेली, नखाला सुद्धा लागत होती. एवढ्याशा खाचेने दीड-दोन लिटर ऑइल वाया घालवलं! कार्बोरेटरच्या बाऊलच्या, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीच्या, तळाशी पांढरट थर पण होता. पेट्रोलमधलं इथेनॉल, आता २० टक्क्यांपर्यंत असतं, हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पावसाळ्यात महिनाभर उभ्या मशीनमधे ॲल्युमिनियमवर असा थर बसू शकतो.

पण दरवेळी दोष निडलचाच असेल असं नाही. ज्या मशीनमधे टाकी खाली असते तिथे छोटा पंप असतो, तो पिस्टनच्या वरखाली होण्यामुळे इंजिनच्या पोटात जो दाब बदलतो त्याच्यावर चालतो, तो दाब एका नळीतून पंपाकडे येतो, आणि पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल त्याच नळीतून सरळ ऑइलमधे जातं. नळी काढून बघा, आत पेट्रोल असेल तर पंपच बदला. फरक ओळखायला सोपं म्हणजे काडीवर मार्करने खूण करा, पेट्रोलचा कॉक (टाकीतून येणारं पेट्रोल बंद करायचा नळ) बंद करून रात्रभर ठेवा (कॉक नसेल तर पाइपमधे बसवून घ्या, महाग नाही), आणि सकाळी बघा. कॉक बंद असताना थांबतं आणि उघडा ठेवला की वाढतं तर कार्बोरेटर, कॉक उघडा ठेवूनही उभ्या मशीनमधे वाढत नसेल तर पंपावर संशय घ्या, पण ते बघायला मशीन चालवू नका, नळी काढून बघा.

दोष सापडला की मगच ऑइल आणि फिल्टर बदला, आधी बदललं तर नवीनही जातं. जुनं ऑइल गटारात मात्र ओतू नका, आपली गटारं शेवटी खाडीतच जातात आणि खाडीत फ्लेमिंगो आहेत. आम्ही ते डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला दिलं.

आता माळीकाका मशीन शेडमधे लावलं की सीटवरून उतरायच्या आधीच वाकून कॉक फिरवतात. गेल्या आठवड्यात काडी काढली, ऑइल खुणेवरच होतं.